न्यूपोर्ट १९५८, घरच्या पडद्यावर: ‘जॅझ ऑन अ समर्स डे’च्या आवाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सिनेमा नेमका काय आहे? मला जॅझमधलं फारसं कळत नाही.

कळायची अट नाही. १९५८च्या जुलैत, ३ ते ६ तारखेला, अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी जॅझ महोत्सव भरला होता. जॉर्ज वीनने तो १९५४ साली सुरू केला होता. बर्ट स्टर्न नावाचा जाहिरातींचा छायाचित्रकार तिथे कॅमेरे घेऊन गेला आणि ३५ मिमी रंगीत फिल्मवर त्याने हे टिपलं. तोवर त्याने एकही सिनेमा केला नव्हता. सिनेमा ८५ मिनिटांचा. निवेदक नाही, मुलाखती नाहीत, ‘जॅझचा इतिहास’ वगैरे काही नाही. गाणं-वाजवणं, ऐकणाऱ्यांचे चेहरे, उन्हाळी टोप्या, आइस्क्रीम, आणि मधूनमधून समुद्रात शिडाच्या होड्या. संकलन आराम अवाकियानचं. त्याचा भाऊ जॉर्ज कोलंबिया रेकॉर्ड्समधला नावाजलेला निर्माता, त्याने संगीताची बाजू पाहिली. सिनेमा १९६० साली अमेरिकेत लागला आणि १९९९ साली तिथल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला.

आवाज मोनो का? १९५८ला स्टिरिओ आलं होतं ना?

आलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी स्टिरिओ एलपी बाजारात आणायला सुरुवात केली. पण थिएटरमधली गोष्ट वेगळी. तिथे आवाज फिल्मच्या कडेला एका बारीक पट्टीत छापलेला असायचा. प्रोजेक्टरमधला दिवा त्या पट्टीतून प्रकाश सोडणार, पलीकडचा फोटोसेल प्रकाशाचा कमीजास्तपणा ओळखणार आणि त्याचा पुन्हा आवाज होणार. एकच पट्टी, एकच आवाज, पडद्यामागे एकच स्पीकर. हाच मोनो. आपल्याकडच्या टुरिंग टॉकीजमध्येही हेच चालायचं.

आणि मोनो म्हणजे गरीब आवाज, ही समजूत कृपया सोडा. मोनोत डावं-उजवं नसतं, पण पुढचं-मागचं असतं. ड्रम्स मागे, गाणारी पुढे, तिच्याही पुढे माइकला लागलेला श्वास, हे चांगल्या मोनोत स्वच्छ ऐकू येतं.

सुरुवातीपासून शूंऽऽ असा आवाज येतो. डिस्क खराब आहे का?

नाही. हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तरही लांब आहे.

ते शूंऽऽ दोन ठिकाणांहून येतं. एक, त्या काळच्या चुंबकीय टेपमधून. दोन, फिल्मवरच्या त्या पट्टीतून. तिच्यावर धूळ, ओरखडे बसले की त्यात बारीक चरचर मिसळते. १९३८पासून हॉलिवूडने यावर एक तोडगा काढला होता. थिएटरमध्ये उंच सुरातले आवाज मुद्दाम दाबायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर शूंऽऽही दबेल. सिनेमाचा आवाज मिसळणारे लोक हे जाणून होते, म्हणून ते वरचे सूर आधीच थोडे उचलून छापत. आता हाच आवाज कुणी थिएटरची ती दाबणी न लावता सरळ डिजिटल करून घेतला, तर काय होईल? कर्कश. झांजा टिनपाटासारख्या. आणि शूंऽऽ तर डोक्यावर बसलेलं.

मग कुणीतरी ‘नॉइझ रिडक्शन’ लावतं. खरी नासाडी इथून सुरू होते.

ब्रशने वाजवलेला स्नेअर ड्रम कसा वाजतो ते आठवा. सुपात तांदूळ पाखडल्यासारखा. यंत्राला हा आवाज आणि टेपचं शूंऽऽ यांतला फरक सहज कळत नाही. जास्त जोर लावला की दोन्ही जातात. झांजेचा शेवट, जो हवेत विरत जायला हवा, तो मधेच कापल्यासारखा थांबतो, किंवा पाण्याखालून आल्यासारखा खळखळतो. गायिकेच्या ‘स’ला धार उरत नाही. दोन ओळींच्या मधली शांतता मेल्यासारखी होते. मैदानात पाच-दहा हजार माणसं बसली असताना अशी शांतता असूच शकत नाही. कुणी खोकतं, खुर्ची करकरते, वारा माइकवरून जातो.

मला विचाराल तर शूंऽऽ असलेली प्रत घ्या आणि पाच मिनिटं थांबा. पावसाळ्यात पत्र्यावरच्या पावसाची जशी सवय होते, तशी या आवाजाची होते. कापून टाकलेली झांज मात्र कुठल्याही सवयीने परत येत नाही.

मग कुठली आवृत्ती घ्यावी? व्हीएचएस, व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे?

व्हीएचएस आता कुणी मुद्दाम शोधणार नाही, पण काहींच्या कपाटात असेल. साध्या व्हीएचएसवर आवाज टेपच्या कडेच्या पट्टीवर असतो. आपल्या ‘पाल’ या टीव्ही-पद्धतीत ती टेप सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. गाण्याची साधी ऑडिओ कॅसेट ४.७६ने सरकते. म्हणजे घरच्या टेपरेकॉर्डरच्या निम्म्या वेगाने जॅझ ऐकायचं. ‘हाय-फाय’ व्हीएचएसमध्ये फिरत्या हेडने आवाज चित्राच्या खाली नोंदला जायचा आणि तो खरोखर उत्तम असायचा. मात्र प्लेअरही तसाच हवा.

व्हीसीडीचा आवाज लोक समजतात तितका वाईट नव्हता. चित्र मात्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि या सिनेमात चित्र गमावणं म्हणजे अर्धा सिनेमा गमावणं.

डीव्हीडीला आवाज पुरेसा असतो. ती कुठल्या प्रिंटवरून काढली आणि कुणी किती ‘साफ’ केली, यावर सगळं अवलंबून. चौथ्या हाताच्या प्रिंटवरून काढलेली प्रत आणि चांगल्या मूळ साहित्यावरून काढलेली प्रत, दोन्हींच्या वेष्टनावर ‘डिजिटल’ असंच छापलेलं असतं.

२०२०मध्ये इंडीकलेक्ट या अमेरिकन संस्थेने केलेली ४के पुनर्स्थापना आली, ती किनो लॉर्बरने वितरित केली. आज घ्यायचंच असेल तर तिच्यावरून निघालेली प्रत घ्या. एक लक्षात ठेवा. ‘४के’ हा आकडा चित्राचा आहे. आवाजाला ४के नसतं. रंग बघून लोक इतके हरखतात, की आवाजही तितकाच उजळल्याचा भास होतो.

डिस्कवर ५.१ असेल तर तेच लावावं ना?

जुन्या संगीतपटांच्या बऱ्याच डिस्कवर असा पर्याय असतो. मूळ एकाच पट्टीचं पाच स्पीकरमध्ये वाटप करायचं, तर मागच्या स्पीकरमध्ये द्यायचं काय? बहुतेक वेळा थोडा उशीर लावलेला तोच आवाज, नाहीतर बनवलेला घुमार. न्यूपोर्टचा कार्यक्रम फ्रीबॉडी पार्क या खुल्या मैदानात झाला. भिंतीच नाहीत, तर घुमार कुठून येणार? कोरडा आवाज हीच त्या जागेची ओळख आहे. मूळ मोनो असेल तर मोनोच निवडा.

थेलोनियस मंक वाजवत असताना मधेच कुणीतरी बोलू लागतं. दुसरा ट्रॅक मिसळला गेलाय का?

नाही, ते सिनेमातच आहे. त्याच दिवसांत न्यूपोर्टच्या समुद्रात अमेरिकाज कप या शिडाच्या होड्यांच्या स्पर्धेच्या निवड-शर्यती चालल्या होत्या. मंक ‘ब्लू मंक’ वाजवायला लागतो, स्टर्न कॅमेरा होड्यांवर नेतो, आणि शर्यतीचं धावतं वर्णन पियानोवर चढतं. भीमसेन जोशींच्या मैफलीत कुणीतरी क्रिकेटची कॉमेंट्री लावावी, तसं. रसिक साठ वर्षांहून जास्त काळ यावरून चिडलेले आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. बेसवर हेन्री ग्राइम्स आणि ड्रम्सवर रॉय हेन्स असताना होड्या कोण बघणार? गंमत म्हणजे त्या वर्षी कप राखणाऱ्या होडीचं नाव होतं ‘कोलंबिया’. रेकॉर्ड कंपनीचं आणि होडीचं नाव एकच, हा निव्वळ योगायोग.

माझ्या डीव्हीडीवर सगळं किंचित चढ्या सुरात आणि घाईत वाटतं. कानांचा दोष?

कान शाबूत आहेत. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. पाल टीव्ही २५ चौकटी दाखवतो. पाल देशांसाठी डिस्क काढताना सोपा उपाय म्हणजे सगळा सिनेमाच जरा जोरात पळवायचा, साधारण ४ टक्के. ८५ मिनिटांचा सिनेमा मग साडेएक्याऐंशी मिनिटांत संपतो. आणि आवाज सुमारे ७० सेंट, म्हणजे पाऊण अर्धस्वर, वर जातो.

घरात हार्मोनियम असेल तर तपासून बघा. ‘ब्लू मंक’ बी-फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपल्याकडची काळी पाच. पाल प्रतीवर तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी अडकलेला सापडेल, कुठलीच पट्टी जुळणार नाही. काही डिस्कवर सूर दुरुस्त केलेला असतो, पण वेग तोच राहतो. ब्लू-रेवर सहसा २४ चौकटीच असतात, त्यामुळे हा प्रश्न उरत नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये २४पी चालू आहे ना, एवढं बघा.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. गोरेगावच्या एका मित्राकडून आणलेल्या व्हीएचएस कॅसेटवर मी कित्येक वर्षं गायिका अनिता ओ’डेचं ‘टी फॉर टू’ ऐकत आलो. मुळात ते भन्नाट लयीत आहे. माझ्या कॅसेटवर तर ती रेल्वे पकडायला निघाल्यासारखी गायची. मला तीच खरी लय वाटायची. नंतर योग्य वेगाची प्रत ऐकली तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की ती दोन शब्दांमध्ये थांबते. चक्क थांबते, श्रोत्यांकडे बघते आणि मग पुढचा सूर सोडते. कॅसेटवर हे थांबे आखडून गेले होते.

टाळ्या खऱ्या आहेत का? श्रोते आणि वाजवणारे एकाच वेळचे वाटत नाहीत.

चांगलं निरीक्षण. वाजवणाऱ्यांच्या मधे श्रोत्यांचे जे चेहरे जोडलेत, ते त्या क्षणाचेच असतील असं धरून चालू नका. कॅमेरा एका वेळी एकीकडेच बघतो. संकलकाने हाताशी असलेल्या चेहऱ्यांतून गाण्याला शोभेल तो निवडला.

‘न्यूपोर्टची थेट ध्वनिमुद्रिका’ या शब्दांबद्दलच थोडी सावधगिरी बरी. १९५६ साली याच महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात पॉल गोन्साल्व्हिसने सॅक्सोफोनवर लागोपाठ २७ आवर्तनं वाजवली आणि मैदान वेडं झालं. पण तो कोलंबियाच्या माइकसमोर नव्हता. तो व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या माइकसमोर उभा होता! कोलंबियाच्या टेपवर त्याचा सॅक्स लांबून आल्यासारखा. त्या मैफलीची जी एलपी निघाली तिच्यात स्टुडिओत पुन्हा वाजवलेला बराच भाग होता, वर टाळ्या घातलेल्या. पुढे रेडिओची टेप हाती लागली. १९९९च्या आवृत्तीत फिल शाप यांनी दोन्ही मोनो टेपा शेजारी-शेजारी, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, जुळवून बसवल्या. कुणीही स्टिरिओत न मुद्रित केलेली मैफल चाळीसहून अधिक वर्षांनी स्टिरिओत ऐकू आली. ५.१वर मी वर तोंडसुख घेतलं, पण हे मान्य आहे: इथे खोटं काही घातलेलं नव्हतं, दोन्ही माइक त्या संध्याकाळी खरंच तिथे होते.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

सगळीकडे सारखाच फरक असेल तर दोष टीव्हीचा. आजचे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतात आणि आवाज पुढे निघून जातो. ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ नावाची सेटिंग शोधा. एखाद्या गाण्यातच फरक दिसत असेल तर तो सिनेमाचा. कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर वेगवेगळे चालायचे आणि नंतर संकलनाच्या टेबलावर दोन्ही जुळवावे लागायचे.

घरी ऐकताना नेमकं काय करू?

आधी टीव्हीचे अंगचे स्पीकर बंद. ते बहुतेक वेळा भिंतीकडे तोंड करून किंवा जमिनीकडे वाकून असतात. साधे दोन स्पीकर लावा, नाहीतर एकच. मोनो सिनेमा एका चांगल्या स्पीकरवर मला दोनांपेक्षा जास्त आवडतो, पण हा माझा हट्ट आहे.

दोन लावलेत तर एक तपासणी करा. मधोमध बसा. गाणारीचा आवाज समोर, दोघांच्या बरोबर मध्ये यायला हवा. तो नेमका कुठून येतोय ते कळत नसेल आणि खर्जही गायब असेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलेली आहे. वायर बदला. ही चूक फार घरांत असते, कुणाला पत्ता नसतो.

‘सराउंड’, ‘मूव्ही मोड’, ‘क्लिअर व्हॉइस’, ‘नाइट मोड’ हे सगळं बंद. नाइट मोड हळू आवाज उचलतो आणि मोठा दाबतो. बातम्यांना ठीक आहे. इथे त्याने ड्रमवादक चिको हॅमिल्टन मारला जातो, पुढे सांगतोच.

खालून भूंऽऽ असा घरघराट येत असेल तर डिस्क थांबवा. तरीही येत राहिला तर तो तुमच्या घरातला, अर्थिंगचा किंवा केबल टीव्हीच्या वायरचा. डिस्कबरोबर थांबला तर तो मुद्रणातला. कान तयार असतील तर आणखी एक फरक कळतो: आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेची ६०ची, त्यामुळे त्यांचा घरघराट आपल्यापेक्षा थोडा वरच्या सुरात असतो.

प्रत चांगली आहे की नाही हे कुठल्या जागांवरून ओळखायचं?

चार जागा पुरेत.

पहिली, चिको हॅमिल्टनचं ‘ब्लू सँड्स’. एरिक डॉल्फीच्या हातात बासरी. हॅमिल्टन मऊ गोळ्यांच्या काठ्यांनी ड्रम्सवर इतकं हळू वाजवतो, की आधी ते ऐकू येण्याऐवजी जाणवतं. चांगल्या प्रतीत हे हळूपण आणि पुढचा चढ यांत भरपूर अंतर असतं. दाबलेल्या प्रतीत सगळं एकाच उंचीवर. ही एक जागा पटली तर बाकी तपासायची गरज नाही, असं माझं मत.

दुसरी, नेथन गर्शमन. हॅमिल्टनच्या चमूतला हा चेलोवादक खोलीत उघड्या अंगाने, सिगरेट ओढत, बाखच्या पहिल्या चेलो सुइटचा प्रारंभ वाजवतो. मैदान संपून अचानक आपण चार भिंतींत येतो. तो फरक कानाला कळला पाहिजे. कमानीची खरखर आणि लाकडाचा आवाज नाहीसा झाला असेल तर कुणीतरी फार साफसफाई केलेली आहे.

तिसरी, चक बेरीचं ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’. जॅझच्या मंचावर रॉक अँड रोल आल्यामुळे तेव्हाचे सोवळे रसिक नाराज झाले. आवाजाच्या दृष्टीने बघायचं ते गिटार आणि क्लॅरिनेट एकमेकांत कालवले जातात का हे. गाण्याच्या मधे एकजण मनापासून क्लॅरिनेट वाजवून घेतो. ते फाटलेलं वाटायला नको.

चौथी, महालिया जॅक्सन. तिचा आवाज इतका मोठा, की कुठल्याही टेपची परीक्षा व्हावी. ‘डिडन्ट इट रेन’मध्ये वरच्या सुराला जरा फाटल्यासारखं ऐकू आलं तर ते बहुधा मुळातलंच, तिथे टोन-कंट्रोलशी खेळत बसू नका.

माइल्स डेव्हिस, ड्यूक एलिंग्टन का नाहीत?

दोघांनीही त्या वर्षी न्यूपोर्टला वाजवलं. सिनेमात आले नाहीत. हळहळ करण्यात अर्थ नाही, पण ती होतेच.

अमेरिकेतून मागवलेली डिस्क आपल्या प्लेअरवर चालेल का?

आधी विभाग तपासा. डीव्हीडीत अमेरिका विभाग १ आणि भारत ५. ब्लू-रेत अमेरिका ए आणि भारत सी. सर्वच डिस्क कुलूपबंद नसतात, पण मागवण्याआधी मागचं वेष्टन वाचा. मुलाला न्यू जर्सीहून येताना आणायला सांगणार असाल तर हेही आधीच सांगा. डिस्क इथे आल्यावर कळलं, तर तिला आरतीच्या ताटात ठेवण्यापलीकडे उपयोग नाही.

याचा आपल्याशी काही संबंध?

आहे, आणि ओढूनताणून नाही. ज्या वर्षी न्यूपोर्टचं हे चित्रण झालं, त्याच वर्षी डेव्ह ब्रुबेकची चौकडी अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर मुंबईला येऊन गेली होती. १९६३ला एलिंग्टन आला, १९६४ला या सिनेमातलाच ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग. त्याआधी कित्येक वर्षं मुंबईच्या हॉटेलांत गोव्याचे वादक हे संगीत वाजवत होते. ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखला गेलेला, हळदोण्याचा चिक चॉकलेट दिवसा सी. रामचंद्रांकडे सिनेमाची गाणी वाजवायचा आणि रात्री ट्रम्पेटवर जॅझ. १९७८पासून मुंबईत जॅझ यात्रा भरू लागली. म्हणून न्यूपोर्टच्या आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट ऐकताना एखाद्या आजोबांना भगवानदादांच्या गाण्यातला ब्रास आठवला, तर ते चुकलेले नाहीत.

जुनी व्हीएचएस फेकून देऊ?

लगेच नको. कोकणात किंवा मुंबईत असाल तर आधी टेपच्या खिडकीतून आत बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चालू व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नका, हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागेल. स्वच्छ असेल तर उभी ठेवा, कोरड्या जागी, स्पीकरच्या चुंबकापासून दूर. माझी गोरेगावची कॅसेट अजून आहे. वेष्टनावर मित्राच्या अक्षरात ‘जॅज’ असं लिहिलेलं आहे. ती लावायला घरात व्हीसीआर मात्र उरलेला नाही.